गाठ मारून दाराबाहेर ठेवलेली काळी पिशवी

आमच्या सोसायटीत प्रत्येक घराला दोन बादल्या दिल्यात. हिरवी ओल्या कचऱ्याला, निळी सुक्याला. मेंटेनन्सच्या पैशातून आणल्या, समारंभपूर्वक वाटल्या, वाटपाचे फोटो ग्रुपवर टाकले, त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. आता कुणाच्या हिरव्या बादलीत कढीपत्ता लावलाय, कुणाच्या निळ्या बादलीत गाडी पुसायचं फडकं भिजतंय. आणि कचरा? तो रोज सकाळी एकाच काळ्या पिशवीत, घट्ट गाठ मारून दाराबाहेर. मेथीची देठं, कालची आमटी, पार्सलचे डबे, बाळाचं डायपर, फुटलेला ग्लास, सगळं एकत्र.

ती गाठ पुढे कोण सोडतं, याचा विचार या इमारतीत कुणी करतं का? कचरा न्यायला येणाऱ्या मावशी सोडतात. पार्किंगच्या कोपऱ्यात उकिडव्या बसून, हाताने. तुमच्या आमटीत भिजलेला पुठ्ठा बाजूला काढतात. काच लागली तर बोट पदराला पुसतात आणि पुढची पिशवी उघडतात. वरच्या गॅलरीतून त्याच वेळी आवाज येतो, "मावशी, जरा लवकर आवरा हो, वास येतोय!" अहो, वास तुमच्याच घरातून खाली आलाय!

"आम्हाला माहीतच नव्हतं" हे तर ऐकवूच नका. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यायचा, हे 2016 सालीच देशाच्या नियमांत आलं. बल्ब, बॅटऱ्या, उरलेली औषधं, कीटकनाशकांचे डबे ही तिसरी वर्गवारी. सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्यायचं, हेही त्यातच होतं. पुण्यात तर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम झाली, म्हणजे उघडायच्या आधीच समोरच्याला कळावं. लाल ठिपका! एक स्केचपेन लागतं. ज्या घरात पोरांच्या प्रोजेक्टसाठी चोवीस रंगांचा डबा पडलेला असतो, तिथून एक ठिपका निघत नाही.

मग येतो सोसायटीतला सगळ्यात लाडका युक्तिवाद. "आपण वेगळा करून काय उपयोग, गाडीत सगळं एकत्रच टाकतात." असं होतं कधी कधी, मान्य. मग गाडीवाल्याला अडवा, तक्रार करा. पण गाडी यायच्या आधीच मावशी पुठ्ठा, बाटल्या, रद्दी, पत्रा बाजूला काढून भंगारवाल्याला विकतात, हे तुम्ही सोयीस्करपणे विसरता. रिसायकलिंग म्हणतात ते आपल्याकडे प्रामुख्याने तिथेच होतं. कोरड्या पुठ्ठ्याला भाव मिळतो, वरण सांडलेल्याला कुणी विचारत नाही. म्हणजे एकाच पिशवीत कोंबून तुम्ही एका बाईची रोजची कमाई नासवता. याच पुण्यात कचरावेचकांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली, भांडून ओळखपत्रं मिळवली. आणि आपल्याला दुधाची पिशवी धुवून वाळत टाकणं जड जातं. त्या पिशवीचा कोपरासुद्धा पूर्ण कापू नये, अर्धवट चिरून पिशवीलाच ठेवावा, कारण तो नखाएवढा तुकडा नंतर कुणालाच वेचता येत नाही. पण हे सांगितलं की लोक असं बघतात, जणू मी त्यांच्याकडे किडनी मागितली.

खतखड्ड्याचं तर विचारूच नका. बिल्डरने बांधून दिलेला, नकाशात दाखवलेला, मालमत्ता करात सवलत मिळते म्हणून कागदोपत्री 'चालू' असलेला. प्रत्यक्षात त्यात तुटक्या टाइल्स आणि कुणाचं तरी जुनं कमोड. मध्यंतरी चार जणांनी हौसेने सुरू केला, तर लगेच बोंब, वास येतो, चिलटं येतात. वास का येतो? नुसता ओला कचरा थापला आणि त्यावर कोरडा पाचोळा घातला नाही, की आत हवा खेळत नाही आणि तो सडतो. पाचोळा घाला, अधूनमधून वरखाली करा, वास जातो. आणि आमच्याकडे तेव्हा काय चाललं होतं? खड्ड्याला पाचोळा मिळत नव्हता आणि वीस पावलांवर वॉचमन कमिटीच्या हुकमावरून तोच पाचोळा गोळा करून जाळत होता! शेवटी धुराबद्दल कुणी बोललं नाही, खड्डा मात्र बंद झाला.

आपल्या शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा तरी ओलाच असतो. तो आवारात जिरवला तर उरलेलं हलकं, कोरडं, विकण्याजोगं राहतं. नाही जिरवला तर तो दुसऱ्याच्या गावाला जातो. पुण्याजवळच्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या उगीच नाही अडवल्या. वर्षानुवर्षं वास, धूर, खराब झालेल्या विहिरी त्यांनी सोसल्या. तेव्हा आमच्या ग्रुपवर एकच चिंता, "उद्या गाडी येणार की नाही?" तिकडे वेंगुर्ल्यासारख्या छोट्या गावाने कचरा घरातच वेगळा करायला लावला, ओल्यापासून बायोगॅस केला, आणि तिथली कचऱ्याची जागा लोक आता बघायला जातात. आमचे लोकही कोकण ट्रिपमध्ये जाऊन आले. फोटो टाकले. घरी आल्यावर पुन्हा काळी पिशवी.

परवाच्या वार्षिक सभेत कचऱ्याचा विषय पार्किंग, सीसीटीव्ही आणि गेटच्या रंगानंतर होता. गेट करडं की चॉकलेटी यावर तासभर हमरीतुमरी झाली. कचऱ्यापर्यंत येईतो वडे आले. तरी मी उभा राहिलो, तर मागून एक गृहस्थ म्हणाले, "मग आम्ही मेंटेनन्स कशाचा भरतो?"

लिफ्टचा भरता, साहेब. जिन्यातल्या दिव्यांचा, टाकी धुण्याचा भरता. तुमच्या नातवाचं डायपर दुसऱ्या कुणी हाताने उलगडावं, याचा नाही. याचाही दर लावायचा असेल तर सकाळी कचरा निवडायच्या वेळी खाली या, चार पिशव्या स्वतः उघडा, आणि मग आकडा सांगा.