वॉशिंग्टनची एक सेमिस्टर केली म्हणून ओपीटी जात नाही

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये मेसेज फिरतोय: वॉशिंग्टन डीसीत इंटर्नशिपची सेमिस्टर केली की पदवीनंतर वर्षभर नोकरी करू देणारी ओपीटी हातची जाते. हे साफ चूक आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अशी इंटर्नशिप सीपीटीखाली, म्हणजे शिकत असतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीखाली होते. त्याच पातळीच्या शिक्षणात पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त झाली, तरच ओपीटी जाते. एक सेमिस्टर जेमतेम चार महिन्यांची. आठवड्याला २० तासांपर्यंतचं काम तर यात धरतच नाहीत. तेव्हा घाबरून मुलांना अडवू नका, कळकळीने सांगतोय. जपायचं ते वेगळंच: आय-२० वर, म्हणजे कॉलेज विद्यार्थ्याला देतं त्या प्रमाणपत्रावर, सीपीटीची जी तारीख छापून येते, तिच्याआधी एक दिवसही रुजू व्हायचं नाही. आणि व्हाइट हाउसची इंटर्नशिप फक्त अमेरिकी नागरिकांसाठी असते.