ओम्नीचं इंजिन म्हणजे फियाटचंच, एक सिलिंडर वजा

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका दिवसात तीन जणांनी एकच मजकूर टाकला. तिघांनाही ठाऊक आहे की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या बोळात वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोक जिला फियाट म्हणतात ती, उभी असते आणि ती अजून चालते. मजकुराचा सारांश असा: जुन्या फियाटचं मूळ इंजिन मुळातच कमजोर, त्याचे पार्ट आता मिळत नाहीत. भंगारातून मारुतीच्या ओम्नी व्हॅनचं इंजिन आणा, दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या असल्यामुळे चार दिवसांत बसतं, ॲव्हरेज दुप्पट होतं आणि आरटीओत कुणी बॉनेट उघडत नाही.

यात एकच गोष्ट खरी आहे. ओम्नीचं इंजिन लांबीत बसवलेलं असतं आणि ताकद मागच्या चाकांना जाते. मारुती ८०० चं इंजिन त्याच घराण्यातलं, पण ते आडवं आणि पुढची चाकं ओढणारं, म्हणून फियाटसाठी त्याचा विचारही नको. मजकूर लिहिणाऱ्याला एवढं कळतं, आणि म्हणूनच लोक पुढचंही खरं मानतात.

"मूळ इंजिन भंगार" इथून सुरुवात करू. चार वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात आमची गाडी न्यायमंदिराच्या सिग्नलला तापली, आणि नंतर धक्के देऊन चालू लागली. बघणारा प्रत्येक जण म्हणाला, इंजिन बसलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं काही न बोलता चारही प्लग काढले आणि कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, लावलं. पहिला आणि चौथा सिलिंडर एकशेवीसच्या घरात, दुसरा आणि तिसरा साठ-पासष्ट. मग त्यानं त्या दोन भोकांत चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. रिंगा झिजलेल्या असतील तर ऑइलनं फट तात्पुरती बुजते आणि काटा वर जातो. काटा जागचा हलला नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेत आणि ऑइलनं फरक नाही, म्हणजे त्या दोघांच्या मधलं गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधली फट बंद करणारा पातळ थर, फाटलंय. "रिंग नथी गई काका, गॅस्केट छे," एवढंच बोलून त्यानं पाना उचलला.

फियाटचा ब्लॉक बिडाचा, त्यावरचं झाकण म्हणजे हेड अॅल्युमिनियमचं. गाडी तापली की हेड किंचित वाकतं आणि गॅस्केट दाब धरत नाही. मकरपुरा जीआयडीसीत हेड फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, नवं गॅस्केट टाकलं, गाडी सुटली. आता तापली का, तर बोअरच्या खाऱ्या पाण्यानं रेडिएटरच्या नळ्या अर्ध्या बुजल्या होत्या. त्या जागी ओम्नीचं इंजिन टाकून तोच रेडिएटर ठेवला असता, तर तेही तापलं असतं. पंपावर हल्ली वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यानं जुने रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा फुगतो. हेही लोक इंजिनाच्या नावावर खपवतात.

आता "ताकद आणि ॲव्हरेज". इथे जरा आकडे घेऊ, कारण मजा आकड्यांतच आहे. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५. ओम्नीचं ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बोअर ६८.५, स्ट्रोक ७२. गुणाकार करून बघा, फियाटचा एक सिलिंडर २७२ सीसीचा आणि ओम्नीचा २६५ चा. जवळपास सारखाच. म्हणजे तुम्ही नवं काही आणत नाही, चालत्या इंजिनातला एक सिलिंडर काढून टाकता. आणि हे तीन सिलिंडर ओढणार काय? ओम्नी आठशे किलोच्या आत, फियाट नऊशेच्या आसपास. ओम्नीचं चाक बारा इंची, फियाटचं चौदा इंची. चाक मोठं म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर, म्हणजे चढावर आणि सुटताना इंजिनावर जास्त ओझं. ओम्नीचे गिअर आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी दातेरी पेटी) तिच्या छोट्या चाकांच्या हिशेबानं बनवलेले आहेत. तुम्ही इंजिन आणि गिअरबॉक्स आणता, डिफरन्शियल फियाटचाच राहतो, म्हणजे दोघांचं गणित जुळत नाही.

कागदावर अश्वशक्तीत फार फरक दिसत नाही, म्हणून लोक फसतात. फरक पडतो तो खालच्या फेऱ्यांवरच्या ओढीत. माझ्या मामेभावानं हा उद्योग केला आहे. त्याच्या गाडीतून आम्ही चौघं पावागडला निघालो. हालोलपर्यंत सपाट रस्ता, सगळं छान. माचीच्या चढावर दुसऱ्या वळणालाच दुसरा गिअर पडेना, पहिल्यात रेटत वर गेलो. वर पोचल्यावर त्याचे वडील, म्हणजे आमचे मामा, शांतपणे म्हणाले, "अरे, याच गाडीतून आपण सात जण आलो होतो की रे." मामेभाऊ पाण्याची बाटली घेऊन बॉनेटकडे गेला. पहिल्या गिअरमध्ये किंचाळत चढणारी गाडी पेट्रोल वाचवते असं कुणी म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

"चार दिवसांत बसतं" याबद्दल फार लिहीत नाही. फियाटचा गिअर स्टिअरिंगपाशी दांड्यावर, ओम्नीचा खाली. म्हणजे फ्लोअर कापा. माउंटिंग नवी वेल्ड करा, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) कापून जोडा आणि बॅलन्स करा. मामेभावाच्या गाडीचा शाफ्ट बॅलन्स न करताच लावला होता, साठच्या पुढे आरसा थरथरून मागचं काही दिसत नाही. शिवाय नंतरच्या ओम्नीत कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन आलं, ते इंजिन घेतलं तर वायरिंग आणि इलेक्ट्रिक पंपही आणावा लागेल. कार्ब्युरेटरवालं घेतलं तर ते स्वतःच म्हातारं, बहुतेक शाळेच्या व्हॅनमध्ये आयुष्य काढलेलं.

पार्ट मिळत नाहीत? ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, मग तिचे पार्ट कायमचे मिळणार का? पद्मिनी त्याच्या वीसेक वर्षं आधी बंद झाली, पण मुंबईत ती टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती. ज्या इंजिनावर दिवसरात्र टॅक्स्या चालल्या, त्याचे पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट बनवणारे आणि साठवणारे लोक एका रात्रीत नाहीसे होत नाहीत. ब्लॉक बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन टाकता येतात, क्रँक ग्राइंड करता येतो. बडोद्यात ही कामं करणारे आहेत, फक्त त्यांच्याकडे रांगेत थांबावं लागतं.

राहिलं आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्यानं दिलेल्या आणि आरसीत असलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. सीएनजी बसवण्याची सोय वेगळी आहे, तिचं नाव घेऊन इंजिन बदलता येत नाही. आणि "बघत नाही" म्हणाल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला दरजीपुऱ्याच्या आरटीओत गाडी न्यावीच लागते, तिथे चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवतात. १०८९ च्या जागी ७९६ लपणार नाही. काही जण जुना नंबर नव्या ब्लॉकवर ठोकून देतो म्हणतात. त्यांच्या दुकानात चहासुद्धा पिऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं, ते वेगळंच.

अजून एक, जे त्या मजकुरात नव्हतंच. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं. आमची २०२८ मध्ये पन्नाशीला पोचेल. मामेभावाची त्याच्याही एक वर्ष आधी.

इंजिन खरंच गेलं असेल, ब्लॉकला तडा असेल, तर दुसरं १०८९ च शोधा. प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीतलं निसानचं ११७१ सीसी इंजिन चांगलं आहे, पण सीसी बदलते, म्हणजे आरसीचा प्रश्न तिथेही येतोच.

माझ्या जिन्याखाली मुंबईच्या एका टॅक्सीतला ब्लॉक गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. परवा मामेभाऊ तो बघायला आला. त्याचं मूळ इंजिन त्यानं वजनावर विकलं होतं. गोणपाट बाजूला करून त्यानं सिलिंडरमध्ये बोट फिरवलं, कडेला झिजेचा उंबरा लागतोय का बघितलं आणि विचारलं, "देतोस का?" मी म्हटलं, आधी नंबर आरसीत चढवायची परवानगी घेऊन ये, मग टेंपो आण.