फिशर-डीस्काऊ, ऑपेरा आणि ते सैन्याचं प्रकरण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, माझ्या फिशर-डीस्काऊवरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मोठी होती म्हणून उत्तरही लांबतंय, सांभाळून घ्या. तुमचं म्हणणं असं की जर्मन गायक डीट्रिख फिशर-डीस्काऊ मुळात संगीतकार शूबर्टची गाणी गाणारा, ऑपेरात मी त्याला उगाच डोक्यावर घेतलंय, आणि तो हिटलरच्या सैन्यात होता हे मी शिताफीने गाळलं.

आधी सैन्याचं. गाळलं हे खरं, चूक माझीच, पण त्यात शिताफी कसली हो, १९४३ ला पोराला सक्तीने भरती केलं, रशियाच्या आघाडीवर घोडे सांभाळायला लावले, १९४५ ला इटलीत अमेरिकनांच्या हाती सापडला आणि पुढची दोन वर्षं कैदेत, तिथे घरच्या आठवणीने कासावीस झालेल्या जर्मन सैनिकांना गाणी म्हणून दाखवायचा. आणि त्याचा भाऊ मार्टिन अपंग होता, त्याला नाझींनी संस्थेत ठेवून उपाशी मारलं. हे वाचल्यावर 'हिटलरचा सैनिक' एवढंच म्हणून सोडून द्यायला माझं मन धजत नाही.

आता ऑपेरा. १९४८ मध्ये वाद्यवृंद-संचालक फ्रिचायने त्याला बर्लिनला व्हेर्दीच्या 'डॉन कार्लोस' ऑपेरातली पोझाची भूमिका दिली तेव्हा तो २३ वर्षांचा! १९५४ पासून बायरॉइटला, म्हणजे वाग्नरच्या ऑपेरांच्या महोत्सवात, तिथला त्याचा 'टानहॉयझर'मधला वोल्फ्रम (ही त्यातली भूमिका) ऐका, तिथे गाणीवाला आणि ऑपेरावाला असे दोन वेगळे गायक मला तरी सापडत नाहीत. पुढे 'किंग लिअर'वर ऑपेरा करा म्हणून संगीतकार रायमानच्या मागे हाच लागला, आणि १९७८ ला म्युनिकमध्ये पहिल्या प्रयोगात लिअर झाला तोही हाच. उगाच चढवलेल्या माणसाला हे झेपतं होय?

पण इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ऑपेरांबद्दल तुमचं थोडं पटतं. संचालक कुबेलिकबरोबरचं त्याच्या 'रिगोलेत्तो'चं ध्वनिमुद्रण मी काल रात्री परत लावलं, प्रत्येक शब्द असा दाबून म्हणतो की सूर बिचारा वाट बघत उभा (शब्द मोठा की सूर, आपल्याकडे यावर किती मैफली नासल्यात!). इटालियन आवाजाचा तो सैल, उबदार भरणा त्याच्याकडे नाही, मान्य. तरी १९९२ च्या ३१ डिसेंबरला म्युनिकला निरोप घेताना त्याने शेवटी गायलं ते व्हेर्दीच्याच 'फाल्स्टाफ'मधलं, हेही लक्षात असू द्या.

मूळ लेखात सैन्याचा आणि भावाचा परिच्छेद आजच घालतो. 'रिगोलेत्तो'पुढचा 'अप्रतिम' खोडून 'वेगळा' करतो, वोल्फ्रमपुढचा मात्र तसाच राहील.