बाटली लावून घ्या, कागद मागू नका

भाऊ, तब्येत बिघडली तर दवाखान्याच्या पाटीवरची पदवी वाचत बसू नका. दाराबाहेरच्या चपला मोजा. पन्नासाच्या वर असल्या की डॉक्टरसाहेब हुशार समजायचे.

आत जाऊन काय दुखतं ते सांगायचीही गरज नाही. थेट म्हणा, "साहेब, एक बाटली लावून द्या जी." कापूस वेचणीचे दिवस, उद्या वावरात उभं राहाचं हाय. आता अर्ध्या लिटर सलाईनमध्ये मीठ असतं साडेचार ग्रॅम, चमचाभरही नाही. पण डब्यातलं मीठ शिरेतून गेलं की त्याची किंमत दोन दिवसांची मजुरी होते. वर व्हिटॅमिनची सुई मारून बाटली पिवळीधम्मक झाली, मग तर विचारूच नका! घटकाभरात घोड्यासारखी तरतरी आली तर ती साहेबांच्या हातगुणाची. ती तरतरी आणणाऱ्या बाटलीतल्या स्टेरॉइडचं नाव काढू नका.

कागद मात्र चुकूनही मागू नका. भरती पेशंटचे कागद ३ वर्षं जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असा २००२ पासून नियम आहे म्हणे. नियमाला काय, तो दिल्लीत राहतो. डॉक्टरच्या हलगर्जीपणाविरुद्ध ग्राहक म्हणून दाद मागता येते, हेही सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगून ठेवलंय. २ वर्षांच्या आत जायचं. गेलात की पहिला प्रश्न, कागद कुठं आहेत? तुमच्याजवळ वहीचं एक चिठोरं होतं, ते मेडिकलवाल्यानं ठेवून घेतलं. आणि जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात, त्या सरकारी दवाखान्याविरुद्ध तर हेही दार बंद. पैसे दिले नाहीत, मग ग्राहक कसले?

यवतमाळ जिल्ह्यात २०२१ च्या जानेवारीत १२ लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं वाचली. आता बाटलीवरचं नाव वाचायचं कामही पेशंटनंच शिकून घ्यावं.

पेशंट हाताबाहेर गेला की साहेब म्हणतील, "नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या." लगेच न्या. वाटेत काही झालं तर ते रस्त्यानं केलं.

आमच्या मामाला एका दवाखान्यात कुल्ल्यावर सुई दिली. शीर दुखावली, पाऊल उचलेना. चालताना चप्पल मागंच राहते. महिनाभरानं मामा तोच पाय दाखवायला त्याच साहेबांकडे गेला. साहेबांनी पाय दाबून पाहिला, म्हणाले, "कमजोरी आहे, एक बाटली लावू."

मामानं बाही वर केली.