क्यूच्या जॉइंटात जवसाचं तेल सोडू नका

परवा वरुडजवळच्या गावातून स्नूकर खेळणाऱ्या भाच्याचा फोन आला. "मामा, स्टिक टकटक करून राह्यली. मेसेजमधी सांगतलं तसंच तं केलं मी." स्टिक म्हणजे क्यू, चेंडू मारायची काठी; तिचे दोन भाग आटे पिळून जोडतात, तो जोड म्हणजे जॉइंट. मेसेज मागवून वाचला आणि डोकंच फिरलं. 'क्यूचा जॉइंट आयुष्यभर टिकवा' असं मथळ्यात, आणि खाली उपाय: दर आठवड्याला आट्यांत जवसाचं तेल सोडा, तेलाचं फडकं केसमध्येच गुंडाळून ठेवा, पितळेचं तोंड पॉलिश पेपरनं घासा, ढिलं वाटलं तर टेफ्लॉन टेप लावा, होईल तितकं पिळून घट्ट करा. पोरानं संत्रा तोडणीच्या हजेरीतून पैसे जमवून हा क्यू घेतला होता.

जवसाच्या तेलात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. क्यूचा लांब भाग बहुधा ऍशच्या लाकडाचा असतो. त्याला या तेलाचे दोन थेंब चोळायचे, जिरू द्यायचे आणि पुसून घ्यायचे, ही रीत जुनीच आहे. पण ती लाकडाच्या अंगासाठी. आपल्याकडं जवस घराघरात, चटणीला असतंच, त्यामुळे सल्ला लगेच पटतो. हे तेल मात्र ओलं राहत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, चिवट पापुद्रा धरतं. खिडकीच्या काचा बसवायची जुनी पुट्टी कशी करत? खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून. आता टिपला, म्हणजे क्यूच्या टोकाला, घासलेल्या चॉकची धूळ हातावरून, केसमधून आट्यांत जातेच, आणि तिच्यावर दर आठवड्याला हे तेल! त्यात चॉक म्हणजे नुसता खडू नव्हे. विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या चॉकमध्ये सिलिका आणि कॉरंडम होतं, म्हणजे घासणारे कण. असे कण तेलात कालवले की ट्रॅक्टरचे व्हॉल्व्ह घासायची पेस्टच झाली. पितळेचे आटे तिच्यापुढे किती टिकणार?

फडकं केसमध्ये ठेवायचा सल्ला तर सरळ धोक्याचा आहे. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. फडकं पसरलेलं असेल तर ती निघून जाते, गोळा करून कोंबलेलं असेल तर आतल्या आत साठते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ ला आग लागली, ती २२व्या मजल्यावर पडलेल्या अशाच चिंध्यांतून. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले. तुमच्या हातरुमालाएवढ्या फडक्यानं घर पेटेलच असं नाही, पण मे महिन्यात टिनाच्या छपराखाली, बंद केसमध्ये ते ठेवा म्हणून सांगणाऱ्याला काय म्हणावं?

भाच्याचा क्यू बिघडला तो पॉलिश पेपरमुळे. जॉइंटची दोन तोंडं एकमेकांवर सपाट बसली तरच फटका एकसंध जातो. बोटानं घासलं की कडा जास्त झिजतात, मधला भाग उंच राहतो, तोंडं डुलतात. टकटक त्याचीच. घासून गेलेलं पितळ परत येत नाही. आता क्यूचं काम जाणणाऱ्याकडून लेथवर ते तोंड सपाट करून घ्यावं लागेल.

टेपनं आट्यांची फट भरते, पण तोंडं सरळ बसत नाहीत. उन्हाळ्यात लाकूड आकसून पितळेची कडी बोटाला वर लागते, पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगतं. तिथंही टेपचं काम नाही. पिळून घट्ट करण्याबद्दल एवढंच, की तोंडं टेकली की थांबायचं.

मग करायचं काय? खेळ झाला की क्यू उघडा, दोन्ही तोंडं कोरड्या सुती फडक्यानं पुसा. आट्यांवर जुना, कोरडा टूथब्रश फिरवा, आतल्या आट्यांसाठी काडीला कापूस. पाणी नको, ते लाकडात शिरतं. आटे अडकत असतील तर मेणबत्ती हलकेच घासा, दोनदा फिरवून काढा, उरलेलं मेण पुसून टाका. क्यू न जोडता, दोन भागांतच केसमध्ये ठेवा, केस सावलीत.

भाच्याला सांगितलं, आधी ते फडकं काढ आणि अंगणात दगडावर पसरून टाक. "ते तं केसमधीच हाय मामा, पंधरा दिवसापासून," म्हणाला. फोन चालू ठेवूनच त्याला बाहेर पाठवलं.