कोल्हापूर–तिरुपती: ६५५ किलोमीटरला पावणेदोन तास का?

नमस्कार दादा,

कोल्हापूर–तिरुपती विमानावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘६५५ किलोमीटर कुठून आणलंत? मोबाइलवर रस्ता त्याहून बराच लांब दाखवतो, आणखी एकीकडे ३५४ लिहिलंय. विमान ताशी आठशेनं जातं, मग पाऊण तासात पोचायला हवं. पावणेदोन तास लिहून लोकांना उगाच घाबरवताय,’ असं तुमचं म्हणणं.

एक चूक माझी आहे. ६५५ हे उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) ते रेणिगुंटा (तिरुपतीचा विमानतळ) असं सरळ हवाई अंतर आहे, हे लेखात लिहायचं राहून गेलं. आता दुरुस्त केलंय. ३५४ हा आकडाही बरोबरच आहे, फक्त तो सागरी मैलांत आहे. वैमानिक त्याच मापात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, गुणून बघा, ६५५च्या थोडं वर येतील.

वेळेचं मात्र मी बदलणार नाही. ताशी आठशे हा जेटचा वेग, तोही वर जाऊन स्थिरावल्यानंतरचा. माझा आकडा एटीआर ७२चा आहे. ते पंख्याचं विमान, ताशी पाचशेच्या आसपास जातं. नुसता भागाकार केला तरी एक तास एकोणीस मिनिटं होतात. समोरून ताशी चाळीसचा वारा लागला की आणखी सातेक मिनिटं. चढता-उतरताना वेग कमी असतो, ते वेगळंच. शिवाय वेळापत्रकातली वेळ उड्डाणापासून धरत नाहीत. विमान जागेवरून हलतं तिथपासून ते पलीकडे जाऊन उभं राहतं तिथपर्यंत ती मोजतात.

आईला घेऊन गेलो होतो तेव्हा मी घड्याळ लावून बसलो होतो. एटीआरचा जिना मागच्या दाराला असतो. गुडघ्यांमुळे आई एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढली. ११:१० ला चाकं हलली, धावपट्टीच्या टोकाला जाऊन विमान वळलं आणि ११:१९ ला जमीन सुटली. १२:४४ ला रेणिगुंट्याला टेकलो, १२:५१ ला पंखे थांबले. एक तास एकेचाळीस मिनिटं.

‘एवढाच वेळ जाणार तर हरिप्रिया एक्स्प्रेस (कोल्हापूर–तिरुपती रेल्वे) काय वाईट?’ असंही तुम्ही विचारलंत. हरिप्रियाला वीसएक तास लागतात. धडधाकट माणसानं खुशाल जावं, मीही कितीदा गेलोय. पण तिरुपती करून आल्यावर अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं मानणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. त्यांच्यासाठी हे विमान फार मोठी सोय आहे. म्हणूनच वेळ कमी सांगून त्यांची धावपळ करावी, हे मला पटत नाही. सामानाचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. पलीकडे रेणिगुंट्याहून तिरुपती गाव पंधराएक किलोमीटर, मग तिरुमलाचा घाट. पाऊण तासाच्या हिशेबानं दर्शनाची वेळ घेतलेलं एखादं म्हातारं जोडपं घाटातच अडकून राहील.

जेट असेल तर वीस-पंचवीस मिनिटं वाचतात, हे तुमचं खरं. ते तिकिटावरच कळतं. तुमच्या तिकिटावर एटीआर लिहिलंय की एम्ब्रेअर (म्हणजे जेट), तेवढं कळवा. दर्शनाची वेळ कितीची घ्यावी, ते त्यावरून सांगतो.