मेंबर टिकत नाहीत म्हणे!

रोटरी घ्या, लायन्स घ्या, क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. आणि आमच्या इंदूरच्या क्लबात तेव्हाच रडगाणंही सुरू होतं: "मेंबर टिकत नाहीत हो, आजकालच्या पोरांना सेवेची आवडच नाही." डोकं सणकतं ऐकून. टिकावं असं ठेवलंय काय आपण?

जून संपायच्या आत आकडा दाखवायचा, म्हणून दिसेल त्याला धरून आणायचं. कुणाचा मेहुणा, कुणाचा भाडेकरू. पिन लावली, फोटो काढला, फी घेतली, संपलं. त्यानंतर त्याला फोन जातो तो थेट पुढच्या फीसाठी!

गेल्या वर्षी विजयनगरची एक मुलगी आली. तिचं म्हणणं एवढंच, की झाबुआ, धार, बडवानीहून एमवायमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, पेशंट घेऊन येणाऱ्यांना पर्चा कुठे काढायचा, तपासणी कुठे, काही कळत नाही. दर शनिवारी सकाळी आपले दोन मेंबर तिथे उभे राहू. पैसा लागत नाही, हॉल लागत नाही. बोर्ड मीटिंगमध्ये उत्तर मिळालं, "बेटा, बघू पुढे." आणि मग तासभर भांडण कशावर? शपथविधीला स्टेजवर कोण बसणार आणि मोमेंटो कुणाकुणाला द्यायचे! तिला बसवलं जेवणाच्या कुपनांवर. दिवाळीनंतर ती आलीच नाही. का येत नाही, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. आता म्हणतात, ती सीरियस नव्हती.

चीड येते ती याची, की हे बोलणारे आमचे सीनियर पल्स पोलिओच्या वेळी बूथवर उन्हात उभे राहिलेले आहेत. गल्लोगल्ली फिरून, नको म्हणणाऱ्या आयांना समजावून त्यांनी पोरांना थेंब पाजले. देशातला शेवटचा पोलिओरुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आजही त्या रविवारांबद्दल बोलताना यांचे डोळे चमकतात. अहो, तुम्ही टिकलात कारण कुणीतरी तुमच्या हातात लसीचा डबा दिला होता! मग या पोरांच्या हातात कुपनांचा गठ्ठा का?

यंदा मला "नवे मेंबर आणा" म्हणून सांगू नका. आधी त्या मुलीला फोन करा, माफी मागा, आणि एमवायचं काम पहिल्याच मीटिंगला घ्या. तोवर मी एकाही माणसाचा फॉर्म भरून आणणार नाही.